मांडव पडण्याआधी फोटोवाल्याशी बसून बोला

तुळशीचं लग्न लागलं की गावोगावी मांडव पडायला सुरुवात होते. आचारी, वाजंत्री, मंडपवाला यांच्याबरोबर आता फोटोग्राफरही ठरवावाच लागतो, आणि त्याचा खर्च काही लहान राहिलेला नाही. तरी लग्नाच्या तयारीत सगळ्यात कमी बोलणं होतं ते त्याच्याशीच. घरातलं कुणीतरी फोनवर दर विचारतं, विसार देतं आणि विषय मिटतो. जिचं लग्न आहे तिला कुणी विचारत नाही.

मग लग्नानंतर कुरबुरी सुरू होतात. कुणाच्या अल्बममध्ये नवरीच्या आईचा धड एक फोटो नसतो. कुणाला सहा-सहा महिने अल्बमच मिळत नाही. कुणाकडे ठरल्यापेक्षा जास्त पैसे मागितले जातात. फोटोग्राफरला विचारलं तर त्याचीही बाजू असते. मुहूर्त दोन तास पुढे गेला, रात्री एकपर्यंत थांबवलं, जेवायला कुणी विचारलं नाही आणि शेवटचा हप्ता अजून येतोच आहे. दोन्हीकडचं ऐकलं की आम्हाला एकच गोष्ट दिसते. कॅमेरा क्वचितच चुकतो, आधी बोलायचं ते राहून गेलेलं असतं. म्हणून आजच्या भागात आपण हे बोलणं कसं करायचं ते बघू.

लग्नाच्या निदान पंधरा दिवस आधी अर्धा तास काढा. फोटोग्राफर, नवरी किंवा नवरा आणि घरातलं एक जबाबदार माणूस असे तिघे बसा. दोन्ही घरांचा फोटोग्राफर एकच असेल तर दोन्हीकडचं माणूस हवं. त्याने आधी केलेल्या एखाद्या लग्नाचा पूर्ण अल्बम बघायला मागा. निवडक दहा फोटो सगळेच चांगले दाखवतात. हळदीपासून पाठवणीपर्यंतचे सलग फोटो बघितले की हात कळतो. कॅमेरा घेऊन तो स्वतः येणार की दुसऱ्या कुणाला पाठवणार, हेही तेव्हाच विचारा.

मग दोन याद्या करा. पहिली विधींची. देवक, हळद, चुडा भरणं, रुखवत, मंगलाष्टका, अंतरपाट, कन्यादान, सप्तपदी, सूनमुख, पाठवणी यांपैकी तुमच्याकडे काय काय आहे आणि कोणत्या क्रमाने, ते लिहून द्या. आपल्याकडे पद्धत गावागणिक आणि समाजागणिक बदलते. बौद्ध पद्धतीच्या लग्नात वंदना आणि प्रतिज्ञा महत्त्वाच्या, निकाहात कबुली आणि सह्या महत्त्वाच्या. बाहेरगावच्या फोटोग्राफरला हे सांगितल्याशिवाय कळणार नाही. रुखवत मुद्दाम यादीत घाला. घरातल्या बायका महिना-महिना राबून ते मांडतात आणि पंगतीच्या गडबडीत त्याचा फोटो राहून जातो.

दुसरी यादी माणसांची. आजी-आजोबा, मामा-मामी, आत्या, करवल्या, शेजारची काकू, असं कुणाकुणासोबत फोटो हवेत ते लिहा. या माणसांना हाका मारून गोळा करायला दोन्ही घरांतलं एकेक चुणचुणीत माणूस नेमा. फोटोग्राफरला तुमची आत्या कोण ते ओळखू येत नाही. स्वयंपाकघरात आणि भांड्यांपाशी राबणाऱ्या बायकांची नावंही या यादीत आली पाहिजेत, कारण त्या आपणहून कॅमेऱ्यासमोर येत नाहीत.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. नवरीची किंवा नवऱ्याची आई विधवा असेल तर तिला हळदीपासून, ओवाळण्यापासून आणि मग फोटोपासूनही बाजूला ठेवतात. पोरांना वाढवलं तिने आणि अल्बममध्ये ती शेवटच्या पानावर कोपऱ्यात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्यानंतर राज्य सरकारनेही बाकीच्या ग्रामपंचायतींना तसंच करण्याचं आवाहन केलं. आपल्या घरात सुरुवात करायला ठरावाची वाट बघायला नको. यादीत पहिलं नाव आईचं लिहा आणि फोटोग्राफरला सांगा, 'हिला मधे उभी करायची.'

आता वेळेचं आणि उजेडाचं. गोरज मुहूर्त असेल तर सूर्य मावळतीला असतो. अर्ध्या तासात उजेड जातो आणि मुहूर्त थोडा जरी लांबला तरी बाहेरचे फोटो हातचे जातात. अशा वेळी घरच्या माणसांचे एकत्र फोटो मुहूर्ताआधीच काढून घ्या. भर दुपारचं लग्न असेल तर उघड्या अंगणात डोळ्यांखाली काळी सावली पडते. झाडाच्या किंवा भिंतीच्या सलग सावलीत उभं राहिलं की चेहरे चांगले येतात. मांडवाच्या कापडाचाही रंग चेहऱ्यावर उतरतो. दिवसा ऊन हिरव्या किंवा निळ्या कापडातून गाळून आलं की नवरी आजारी दिसते. कापड पांढरं किंवा फिकट असेल तर हा त्रास होत नाही. रात्री स्टेजवर रंगीत फिरते दिवे असतील तर निदान विधी चालू असेपर्यंत ते बंद ठेवून साधा पांढरा उजेड ठेवायला मंडपवाल्याला सांगा.

अंतरपाट दूर होतो तो क्षण काही सेकंदांचा असतो. नेमके तेव्हाच पंधरा मोबाइल पुढे घुसतात आणि फोटोग्राफरला पाहुण्यांच्या पाठी दिसतात. मंगलाष्टका सुरू होण्याआधी माईकवरून सांगायला लावा की अक्षता टाकेपर्यंत सगळ्यांनी आपापल्या जागी थांबावं. फोटोग्राफरनेही भटजींच्या आणि वडीलधाऱ्यांच्या पुढे किती जायचं ते आधी विचारून घ्यावं. फोटोसाठी विधी पुन्हा करायला लावणं कुणालाच आवडत नाही.

पैशाचं बोलणं तोंडी ठेवू नका. साध्या कागदावर लिहिलं तरी चालतं, फक्त दोघांच्या सह्या हव्यात आणि एकेक प्रत दोघांकडे हवी. त्यात पुढच्या गोष्टी लिहा. तारीख, ठिकाण, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत. किती माणसं, किती कॅमेरे, ड्रोन आहे की नाही. अल्बम किती पानांचा, किती फोटोंचा, व्हिडिओ किती वेळाचा आणि हे सगळं किती दिवसांत मिळणार. वेळ लांबली तर तासाला जादा किती. तारीख बदलली किंवा लग्न मोडलं तर विसाराचं काय. फोटोग्राफर आजारी पडला तर बदली कोण येणार.

पैसे तीन हप्त्यांत द्यावेत असं आम्ही सुचवतो. समजा ४०,००० रुपये ठरले. तर ठरवताना १०,०००, लग्नाच्या दिवशी २०,००० आणि अल्बम हातात आल्यावर १०,०००. यात तुमच्या हातात थोडी दोरी राहते आणि फोटोग्राफरचा प्रवास, मदतनीस, छपाई यांचा खर्चही अडत नाही. प्रत्येक हप्त्याची पावती घ्या. त्याला आणि त्याच्या मदतनिसाला पहिल्या-दुसऱ्या पंगतीतच जेवायला बसवा. सकाळपासून उभं असलेलं माणूस उपाशी असेल तर पाठवणीचे फोटो तो कसे काढणार?

फोटो कुणाचे, हा प्रश्नही विचारायला हवा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, पैसे देऊन आपल्या सांगण्यावरून काढून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्क काढून घेणाऱ्याचा असतो, वेगळा करार केलेला नसेल तर. म्हणजे सही करताना कागदावर काय छापलंय ते वाचून घ्या. निवडलेल्या फोटोंशिवाय बाकीचे सगळे फोटोही पेनड्राइव्हवर हवे असतील तर तसं लिहून घ्या, कारण तो वेगळा मुद्दा आहे. जाहिरातीसाठी किंवा इन्स्टाग्रामवर तुमचे फोटो टाकायचे की नाही, ते नवरीला विचारून ठरवा आणि तेही लिहा. हळदीनंतर पाणी घालतात तेव्हा ओल्या कपड्यांतले आणि कपडे बदलण्याच्या खोलीतले फोटो किंवा व्हिडिओ कुणीच काढायचे नाहीत, ना फोटोग्राफरने, ना पाहुण्यांनी. कुणी असं चित्र पसरवलं तर लाजून गप्प बसू नका. पोलिसांत तक्रार होते आणि सायबर गुन्ह्यांसाठी १९३० हा क्रमांक आहे.

मैत्रिणींनो, हे फोटो नुसते हौसेचे नाहीत. ग्रामपंचायतीत विवाहाची नोंदणी करताना अर्जाबरोबर लग्नपत्रिका आणि लग्नविधीचा फोटो मागतात. आपल्या राज्याच्या १९९८ च्या कायद्याप्रमाणे ही नोंदणी ९० दिवसांत करायची असते. अल्बम सहा महिन्यांनी येणार असेल तर अडचण होते. म्हणून हार घालतानाचे, दोघांचे चेहरे स्पष्ट दिसतील असे दोन-तीन फोटो आठवडाभरात छापून द्यायला सांगा. दुसरं म्हणजे नवरीला मिळालेल्या वस्तू. दागिने, भांडी, कपाट यांची लेखी यादी करावी, त्यात वस्तू, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव आणि नातं असावं आणि त्यावर नवरा-नवरीच्या सह्या असाव्यात, असं १९८५ च्या नियमांत सांगितलं आहे. नवरीला मिळालेल्या वस्तूंची यादी नवरीने स्वतःकडे ठेवायची. त्या यादीसोबत वस्तूंचे फोटो असले की पुढे वेळ आलीच तर तिचं स्त्रीधन कोणतं ते सांगायला तिच्या हातात काहीतरी असतं. वेळ न येवो, पण फोटो असू द्या.

फोटो मिळाले की लगेच दोन प्रती करा, एक सासरी आणि एक माहेरी. नुसत्या मोबाइलवर भरवसा ठेवू नका, तो हरवतो किंवा पाण्यात पडतो. कार्डावरचे फोटो चुकून पुसले गेले तर त्या कार्डावर नवीन काहीही काढू नका. वर नवीन भरलं नसेल तर जाणकार माणसाला जुने फोटो बऱ्याचदा परत मिळवता येतात.

एवढं करूनही कुणी पैसे घेऊन फोटो दिलेच नाहीत तर आधी लेखी पत्र द्या आणि मुदत द्या. तरी नाही झालं तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर बोला. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्कही लागत नाही. तिथे तुमचा सहीचा कागद आणि पावत्या उपयोगी पडतात. फोटोग्राफरचे पैसे बुडवले गेले तर त्यालाही तोच कागद आधार देतो.

आपल्या गटातल्या मुली-सुनांना या कामाची आवड असेल तर ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आरसेटीत, फोटो आणि व्हिडिओग्राफीचं प्रशिक्षण होतं का, ते जिल्ह्याच्या ठिकाणी चौकशी करा. चुडा भरताना, नवरी तयार होताना, बायकांच्या घोळक्यात बाईने कॅमेरा धरला तर सगळ्या मोकळ्या असतात.

पुढच्या बैठकीत एक काम करा. आज सांगितलेल्या मुद्द्यांचा एक कागद तयार करून गटाच्या वहीत लावा. ज्या घरी लग्न ठरेल त्या घरी त्याची एक प्रत द्या, आणि ती नवरीच्या हातात द्या.