बारावी कॉमर्सचा संगणक : पुढे काय उपयोग?

बिल : १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला आणि साध्या बिलालाही हिशेबाची समज लागू लागली. पुण्याच्या व्यापाऱ्याने १८ टक्के दराचा १०,००० रुपयांचा माल नाशिकला विकला, तर सीजीएसटी ९०० आणि एसजीएसटी ९०० रुपये. तोच माल राज्याबाहेर बेळगावला गेला की १,८०० रुपयांचा आयजीएसटी. हा फरक वर्गात बिले करून पक्का होतो.

खाती : राज्य मंडळाच्या बारावीच्या पुस्तपालनात संगणकीय लेखांकनाचाही धडा आहे. नावे-जमा कळले असेल, तर सॉफ्टवेअरमधली चुकीची नोंद ताबडतोब लक्षात येते.

टायपिंग : सरकारी लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठी मिनिटाला ३० किंवा इंग्रजी ४० शब्दांच्या वेगाचे प्रमाणपत्र लागते. त्याची शासकीय परीक्षा आता संगणकावरच होते.

कुठे उपयोग : सीएंचे कार्यालय, पतसंस्था, दुकान, घरचा व्यवसाय. पदवीपर्यंत थांबणे ज्यांना परवडत नाही, त्यांच्यासाठी संगणकाचे हे तास पहिल्या कमाईची वाट आहेत. म्हणूनच प्रात्यक्षिके नुसती जर्नलमध्ये उतरवून चालणार नाहीत. प्रत्येकाचा हात कीबोर्डवर बसलाच पाहिजे.