आपल्या माघारी पोराचं काय? निवासी संस्थेत ठेवण्याआधी काय बघायचं, काय विचारायचं

घरात मतिमंद, स्वमग्न किंवा जुना मानसिक आजार असलेलं माणूस असलं की आई-बापाला एकच घोर लागलेला असतो. हात-पाय चालतात तोवर आपण करू, पण आपल्या माघारी याचं कोण बघणार? लहानपणी विशेष शाळा असते. अठरा वर्षं पूर्ण झाली की शाळा सुटते आणि पोरगं दिवसभर ओसरीवर बसून राहतं. आईचे गुडघे गेलेले, बापाला त्याला आंघोळीला उचलणं झेपत नाही, भावांचे संसार वेगळे. मग कुणीतरी सांगतं, अमुक ठिकाणी चांगली संस्था आहे, तिथं ठेवा.

ठेवण्यात पाप नाही. पण बहुतेक घरं इमारत, बाग आणि भिंतीवरचे देणगीदारांचे फोटो बघून पैसे भरून येतात. खरी काळजी घेतली जाते की नाही, हे इमारतीवरून कळत नाही. ते रोजच्या दिवसावरून कळतं.

आधी कागद बघा

दिव्यांग हक्क कायदा, २०१६ नुसार दिव्यांगांसाठी संस्था चालवायची तर नोंदणीचं प्रमाणपत्र लागतं. मानसिक आजाराच्या रुग्णांना ठेवायचं असेल तर मानसिक आरोग्य कायदा, २०१७ खाली वेगळी नोंदणी लागते. नुसती ट्रस्टची नोंदणी म्हणजे ही नोंदणी नव्हे. प्रमाणपत्र बघायला मागा, त्यावरची मुदत वाचा.

हे कायदे उगाच कडक झालेले नाहीत. तमिळनाडूत एरवाडी इथं ६ ऑगस्ट २००१ रोजी एका खासगी आश्रमाला आग लागली. साखळदंडाने बांधून ठेवलेल्या २८ मनोरुग्णांना पळताही आलं नाही. आता मानसिक रुग्णाला कुठल्याही प्रकारे साखळीने बांधणं कायद्याने बंद आहे.

मग दिवस बघा

मानसिक आरोग्य कायद्याने संस्थेतल्या रुग्णाला काही साधे हक्क दिलेत. स्वच्छ जागा, चांगलं अन्न, खासगीपणा, बायकांना पाळीच्या वेळी लागणाऱ्या वस्तू. सक्तीने डोकं भादरायचं नाही. स्वतःचे कपडे घालायचे असतील तर गणवेशाची सक्ती नाही. काम जबरदस्तीने करून घ्यायचं नाही, केलं तर मोबदला द्यायचा. मतिमंद प्रौढांच्या घरालाही हीच मोजपट्टी लावून बघा.

संस्थेत गेल्यावर एवढं जरूर विचारा :

- रात्री किती माणसांमागे किती केअरटेकर असतात? बायकांच्या खोलीत रात्री बाईच असते का?
- आकडीच्या गोळ्या कोण देतं, त्याची वही आहे का? गुंगीची गोळी दिली जात असेल तर कुठल्या डॉक्टरच्या चिठ्ठीवर?
- आजारी पडला तर कुठल्या दवाखान्यात नेतात, घरी कधी कळवतात?
- न सांगता भेटायला आलेलं चालतं का?

शेवटच्या प्रश्नाला आढेवेढे घेतले तर सावध व्हा. जेवणाच्या वेळेला जा, संडास-बाथरूम बघा. तिथं राहणारी माणसं केअरटेकरला बघून जवळ येतात की अंग चोरतात, तेही बघा.

एकदम कायमचं ठेवू नका. आधी आठ-पंधरा दिवस ठेवून बघा. त्याला काय आवडतं, कशाची भीती वाटते, लघवीला लागलं की कसा सांगतो, हे कागदावर लिहून द्या. आणि त्याला स्वतःलाही विचारा. अमुकच ठिकाणी राहा, अशी सक्ती दिव्यांगावर करता येत नाही, हे २०१६ चाच कायदा सांगतो.

ठेवल्यावर भेटी थांबवू नका. पोराला बोलता येत नसलं तरी अंग सांगतं. वजन उतरलंय का, नखं वाढलीत का, पाठीला जखम आहे का, पूर्वी हसणारा आता गप्प झालाय का, हे दर भेटीत बघायचं.

सातबाऱ्यावर नाव असेल तर

पोरगं अठराचं झालं की कायद्याने तो सज्ञान. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व किंवा बहुविकलांगता असेल तर राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ खाली कायदेशीर पालक नेमता येतो. त्यासाठी जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करायचा. जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी या समितीत असतो.

पालक झाला म्हणजे जमीन त्याची झाली असं नाही. नेमणुकीपासून सहा महिन्यांत पालकाने मालमत्तेची यादी द्यायची असते आणि दरवर्षी हिशेबही द्यायचा असतो. पालकाने हेळसांड केली किंवा मालमत्ता खाल्ली, तर आई-वडील किंवा नातेवाईक समितीकडे अर्ज करून त्याला हटवायला लावू शकतात. आई-बाप हयात असतानाच हे काम उरकून घेतलं तर पुढचे तंटे टळतात. याच न्यासाची 'निरामय' ही १ लाख रुपयांपर्यंतची आरोग्य विमा योजनाही आहे, तीही बघून घ्यावी.

चुकीचं दिसलं तर

मारहाण, छळ, पिळवणूक होतेय असं वाटलं तर कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे तहसीलदारांकडे माहिती देता येते. ती नातेवाइकानेच द्यावी असं नाही, कुणीही देऊ शकतं. दिव्यांगाला मारणं, किंवा ताब्यातल्या दिव्यांगाला जाणूनबुजून अन्नपाणी न देणं, हा गुन्हा आहे. त्याला ६ महिने ते ५ वर्षं कैद आणि दंडाची तरतूद आहे.

पुष्कळ नातेवाईक तक्रार करत नाहीत. 'आपलं माणूस त्यांच्याच ताब्यात आहे, राग त्याच्यावर काढतील' ही भीती असते, आणि ती खोटी नाही. म्हणून एकट्याने जाऊ नये. तिथं ज्यांची मुलं आहेत अशा चार-पाच घरांनी एकमेकांचे फोन नंबर घ्यावेत आणि आळीपाळीने भेटी ठेवाव्यात. ज्या संस्थेत दर आठवड्याला कुणाचं तरी माणूस येऊन बसतं, तिथं कामात ढिलाई करणं अवघड जातं.