पाच मजुरांपर्यंत पावती नाही

भोकरच्या न्यायालयात मी वकिली करते. खेड्यांवरच्या बाया पोटगी, वारसा, फेरफार घेऊन येतात. मजुरी कमी दिली म्हणून आजवर एकही आली नाही. मजुरी मात्र कमीच मिळते. मळणीच्या दिवशी सुडीपासून यंत्रापर्यंत सोयाबीन बाई वाहते, गडी ते यंत्रात घालतो आणि रोज त्यालाच जास्त. कारण विचारलं की म्हणतात, गड्याचं काम वेगळं.

मुंबईतल्या मॅकिनन मॅकेन्झी कंपनीनंही हेच सांगितलं होतं. तिथल्या स्टेनो ऑड्रे डि'कोस्टा यांना पुरुष स्टेनोंपेक्षा कमी पगार होता. या बाया साहेबांच्या खास स्टेनो, त्यांची तुलना इतरांशी कशी करता, असा कंपनीचा सवाल. 1976 च्या समान वेतन कायद्याखाली हे भांडण सर्वोच्च न्यायालयात गेलं. कामातला किरकोळ फरक धरायचा नाही, युनियनशी झालेला करार आणि कंपनीची तंगी या सबबी चालायच्या नाहीत, असं न्यायालयानं 1987 मध्ये ठरवलं. बाईंच्या हाती एक गोष्ट भक्कम होती: दोघांचेही पगार कागदावर होते.

आमच्याकडे जिथं आकडा उघड असतो तिथं भेद टिकत नाही, हे मी लहानपणापासून बघते. कापूस वेचणीला मजुरी किलोवर, काटा सगळ्यांसमोर, त्यामुळं बाईला-गड्याला दर एकच. माझी माय रोजगार हमीच्या नालाबंडिंगवर जायची. तिथंही दरात बाई-पुरुष नव्हतं, आणि मस्टरवर मायचा अंगठा बापाच्या अंगठ्याशेजारी असायचा.

21 नोव्हेंबर 2025 पासून वेतन संहिता लागू झाली आणि 1976 चा कायदा तिच्यात विरला. सारख्या कामाला सारखं वेतन, आणि ते सारखं करण्यासाठी कुणाचंही कमी करायचं नाही, हे तिच्यात आहे. मालकानं वेतनपावती द्यायची, हेही आहे. पण शेजारच्याला काय मिळतं हे विचारायचा हक्क नाही. युरोपीय संघानं 2023 च्या निर्देशात तो दिला: सारखं काम करणाऱ्या स्त्री-पुरुषांचं सरासरी वेतन कामगार मागू शकतो, आणि नोकरी मागणाऱ्याला पगाराचा पल्ला आधीच सांगावा लागतो.

मला जास्त खुपतं ते वेतन संहितेचं कलम 50. शेतीसाठी किंवा घरकामासाठी पाचपर्यंत माणसं लावणाऱ्याला नोंदवही, फलक, पावती, सगळं माफ. भोकर तालुक्यातली किती शेतं या सवलतीबाहेर राहतील? निरीक्षकानं मागितला तर मजुरी दिल्याचा पुरावा मात्र दाखवावा लागतो. बाईनं कमी मजुरीचा दावा केला, तर पैसे दिल्याचं सिद्ध करणं मालकावर आहे, आणि दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे.

म्हणून बचत गटाच्या बैठकीला गेले की मी बायांना वहीचं एक पान मागते. तारीख, शेत, काम, आपला रोज, आणि त्याच दिवशी गड्याला मिळालेला रोज.