सायकल चालवा म्हणतो, पण कुठे?

गेल्या महिन्यात पतपेढीतले एक कारकून तपासणीसाठी आले. वय ४८. उपाशीपोटी साखर १४८, रक्तदाब १५०/९६, आणि पोट शर्टाच्या बटणांना जुमानेनासे झालेले. घरापासून पतपेढी अडीच किलोमीटर, आणि तेवढ्यासाठीही मोटारसायकल. मी गोळ्या लिहून दिल्या आणि नेहमीचे वाक्य बोललो, ‘‘उद्यापासून कामावर सायकलने जा.’’ ते हसले. म्हणाले, ‘‘डॉक्टरसाहेब, सायकल माळ्यावर आहे, काढतो. पण ती चालवायची कुठे, तेही चिठ्ठीवर लिहून द्या.’’

वाचकहो, मला काही उत्तर देता आले नाही.

सायकलीचे फायदे सांगायला मला काहीच अडचण नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितल्याप्रमाणे प्रौढ माणसाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा. जाताना १५ मिनिटे आणि येताना १५ मिनिटे अशी पाच दिवस सायकल चालवली की १५० मिनिटे भरली. पहाटे उठून वेगळे फिरायला जायला नको. स्नायू साखर वापरू लागतात, रक्तदाब थोडा उतरतो, दम वाढतो. शरीराचा भार सीटवर असल्यामुळे गुडघेदुखीच्या अनेक पेशंटना चालण्यापेक्षा सायकल सोसते. मात्र सीट फार खाली नको. पायडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला राहील इतकी उंची ठेवावी. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखते म्हणून येणाऱ्या कितीतरी सायकलवाल्यांचे औषध माझ्याकडे नसते, पान्यात असते! मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात साखरेची पुडी ठेवावी, आणि हृदयविकार असलेल्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

आमच्या लहानपणी तासावर भाड्याने सायकल मिळायची. नळीखालून पाय घालून शिकलो, गुडघे फोडून घेतले. रात्री दिवा नसला किंवा डबलसीट बसलो की पोलीस अडवायचा. तेव्हा सायकलवाल्याने दुसऱ्याला धडकू नये याची काळजी होती. आता त्याच्यावर कोणी येऊन आदळू नये याची काळजी आहे.

पावसाळा संपता संपता नववीतली एक मुलगी दवाखान्यात आणली. वाडीवरून चार किलोमीटर सायकलने शाळेत येणारी. मागून ट्रॉली आली म्हणून तिने सायकल डांबराच्या कडेला घेतली. कडेची साईडपट्टी पावसाने वाहून गेलेली, डांबर आणि माती यांत वीतभर फरक. चाक खाली गेले, मुलगी रस्त्यावर पडली. मनगटाजवळचे हाड मोडले. ट्रॉलीचे चाक तिच्या डोक्यापासून हातभर लांबून गेले, असे बघणारे सांगत होते. हाड सहा आठवड्यांत जुळेल. पण वडील म्हणाले, ‘‘आता सायकल बंद. वडापने जाईल जमेल तेव्हा. दहावी झाली की बघू.’’ ‘बघू’ म्हणजे काय, ते आपल्या भागातल्या माणसाला समजावून सांगायला नको. मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी सरकार पैसे देते, ही चांगली गोष्ट आहे. पण सायकल दारात आली आणि रस्ता असा असेल, तर ती सायकल भिंतीलाच टेकून राहणार.

त्या बापाला मी ‘काळजी करू नका’ म्हणू शकलो नाही. म्हणून आम्ही पाच जण एकत्र आलो. शाळेचे मुख्याध्यापक, सायकल दुरुस्तीवाले चाचा, दोन निवृत्त गुरुजी आणि मी. एका मंगळवारी सकाळी चहाच्या टपरीवर बसून जाणारी प्रत्येक सायकल वहीत टिपली. सायकल कोण चालवतो, असे मला कोणी विचारले असते तर मी ‘आता कोणीच नाही’ म्हणालो असतो. वहीची पाने भरली. बहुतेक शाळेची मुले, मग दूधवाले, दुकानांत नि गोदामात कामाला जाणारे. ज्यांच्याकडे दुसरे वाहन नाही तेच रस्त्याच्या कडेला, आणि कडा तर अशी!

अर्जात तीनच मागण्या केल्या. साईडपट्टी मुरूम टाकून डांबराच्या बरोबरीने दाबावी. शाळेच्या अलीकडे-पलीकडे गतिरोधक आणि पट्टे मारावेत. ऊसहंगामात रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली रात्री रस्त्यावर येऊ देऊ नये. एका कार्यालयाने सांगितले, रस्ता आमचा नाही. दुसऱ्यानेही तेच सांगितले. खड्डे मात्र दोघांनाही माहीत होते.

गतिरोधकावर मोटारवाले चिडतात, म्हणून त्यामागचा हिशेब सांगतो. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे १४ मीटर जाते. ब्रेकवर पाय जाईपर्यंत एक सेकंद सहज जातो. वेग ३० असेल तर तेच अंतर सुमारे ८ मीटर. शिवाय कमी वेगाच्या धडकेत हाड मोडते, जास्त वेगात जीव जातो. सरासरी वेग एक टक्क्याने वाढला तर जीवघेण्या अपघाताचा धोका सुमारे चार टक्क्यांनी वाढतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. जिथे पायी चालणारे, सायकलवाले आणि मोटारी एकाच रस्त्यावर येतात तिथे वेग ताशी ३० ठेवावा, हीही तिचीच शिफारस.

अर्ज करून काय होते, असे विचारणाऱ्यांसाठी हॉलंडची गोष्ट. सायकलींचा देश म्हणून आज नावाजलेल्या या देशात १९७१ साली रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसे मेली, त्यांत चारशेहून अधिक मुले. विक लांगेनहॉफ या पत्रकाराची सहा वर्षांची मुलगी शाळेच्या वाटेवर मोटारीखाली गेली. १९७२ साली त्यांनी वर्तमानपत्रात लेख लिहिला, मथळा होता ‘मुलांची हत्या थांबवा’. त्याच नावाने आईबापांची चळवळ उभी राहिली, सायकलींचे मोर्चे निघाले. पुढे वस्त्यांत वेग कमी झाला, सायकलींना वेगळ्या वाटा मिळाल्या. हे एका वर्षात झाले नाही आणि आपोआप तर नाहीच. आपल्याकडे पुणे हे एकेकाळी सायकलींचे शहर होते. तिथे २०१७ साली महापालिकेने सायकल आराखडा मंजूर केला, पण कागदावरची वाट पायाखाली यायला पाठपुरावा लागतो.

तोवर स्वतःपुरते एवढे करावे. मागच्या मडगार्डला लाल रिफ्लेक्टर लावावा, चाचा दोन मिनिटांत बसवून देतात. अंधारात फिकट कपडे घालावेत. ब्रेकचे रबर पावसाळ्याआधी बदलावे. मुलांना हेल्मेट घ्यावे. आणि उसाच्या ट्रॉलीला धरून फुकट ओढून घेणाऱ्या पोरांना घरातच दम भरावा. त्यातल्या दोघांचे टाके मी घातले आहेत.

मागच्या आठवड्यात शाळेपासून ओढ्यापर्यंत मुरूम पडला. ओढ्यापुढे वाडीपर्यंतचे काम राहिले आहे, गतिरोधकही. त्या मुलीचे प्लास्टर येत्या पंधरा दिवसांत निघेल. दुसरा अर्ज तयार असून दवाखान्यात टेबलावर ठेवला आहे. सकाळी दहा ते एक या वेळेत येऊन सही करावी, तपासणी फी लागणार नाही. कारकूनसाहेबांनी पहिली सही केली आहे.