सातची घंटा आणि मुलांचे मोबाईल



वडाळ्याचे वसतिगृह पाहून गेलेले मंडळीतले बंधुभगिनी हमखास एक प्रश्न विचारतात: "या मुलांना मोबाईल देता तरी कशाला? काढून घ्या, म्हणजे मिटले!" प्रश्न रास्त आहे, पण उत्तर तितके सरळ नाही.

आपली मुले जव्हार, मोखाडा, विक्रमगड भागांतून येतात. दिवाळी झाली की त्यांतल्या कित्येकांचे आईवडील वीटभट्टीवर जातात आणि पावसाळा तोंडावर आला की पाड्यावर परततात. एवढे महिने आईचा आवाज कानी पडतो तो फोनवरच. शिष्यवृत्तीच्या अर्जाचा ओटीपीही फोनवरच येतो. शिवाय २०२० साली शाळा बंद झाल्या, तेव्हा मुलांच्या हाती फोन देऊन "यावर अभ्यास करा" असे सांगणारे आपण मोठेच होतो. आता तो परत मागताना कारण तरी नीट सांगायला हवे.

शाळेच्या वेळेबद्दल माझ्या मनात शंका नाही. तिथे फोन नकोच. युनेस्कोने २०२३ च्या जागतिक शिक्षण अहवालात म्हटले आहे की, एकदा लक्ष उडाले की ते पुन्हा अभ्यासात लागायला वीस मिनिटांपर्यंत वेळ जाऊ शकतो. शाळेचा तास पस्तीस-चाळीस मिनिटांचा. दप्तरातला फोन एकदा थरथरला की किती तास उरला, हा हिशेब तुम्हीच करा. म्हणून सकाळी फोन कपाटात राहतात आणि मुले शाळेत जातात.

खरी ओढाताण संध्याकाळी सुरू होते. यासाठी आम्ही सांगली जिल्ह्यातल्या एका गावाकडून शिकलो. कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ साली सरपंच विजय मोहिते यांच्या पुढाकाराने एक प्रथा सुरू झाली. रोज संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघरी टीव्ही व मोबाईल बंद होतात. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यातल्या बांशी गावाने अठरा वर्षांखालील मुलांना मोबाईलबंदीच केली. मला वडगावची रीत अधिक पटते. तिथे फोन फक्त मुलांनी ठेवायचा नसतो, आजोबांनी आणि मालिका पाहणाऱ्या काकूंनीही ठेवायचा असतो.

वडाळ्यात भोंग्याचा उपयोग नाही; हार्बरच्या गाड्या आणि ट्रकांच्या आवाजात तो कुणाला ऐकू जाणार? आम्ही जेवणाचीच घंटा वाजवतो. पोह्यांचा एक रिकामा डबा आहे, त्यात पहिला फोन अधीक्षकांचा पडतो, मग माझा, मग स्वयंपाकाच्या मावशींचा. मुले हे बारकाईने पाहतात. मी कधी फोन कानाला लावून आत शिरलो, तर पाचवीतला मुलगाही डबा पुढे करतो.

पहिल्याच आठवड्यात नववीतली एक मुलगी रडू लागली. तिची आई मुकादमाच्या फोनवरून बोलते आणि तो मोकळा मिळतो नेमका सात-साडेसातला. डब्यातला फोन वाजला तर उचलायचा कुणी? त्यावर तोडगा असा निघाला: बटणांचा एक साधा फोन डब्याबाहेर ठेवला आणि त्याचा नंबर सर्व पालकांना दिला. घरचा फोन आला की अभ्यास सोडून मुलाने उठायचे, कितीही वेळा.

"स्ट्रीक तुटेल" ही तक्रारही नेहमी येते. आपल्यातल्या वडीलधाऱ्यांसाठी सांगतो: स्नॅपचॅटवर दोन मित्रांनी रोज एकमेकांना फोटो पाठवला की दिवसांचा आकडा वाढत जातो आणि एक दिवस चुकला की तो शून्यावर येतो. शंभर दिवसांचा आकडा मोडणे मुलांना मैत्री मोडण्यासारखे वाटते. त्यांना हसू नका. हे ॲप असे का बनवले आहे, त्यात कंपनीचा फायदा कोणता, हे त्यांच्याशी बोला. मुलांना ते पटकन कळते. मोठ्या मुलांनी फोनच्या सेटिंगमधील 'डिजिटल वेलबीइंग'मध्ये जाऊन इन्स्टाग्रामला रोजची मर्यादा स्वतःच घातली आहे. तेरा वर्षांखालील मुलांना इन्स्टाग्रामवर खाते उघडण्याची परवानगीच नाही, हेही अनेक पालकांना ठाऊक नसते.

मुलींना आम्ही आणखी एक गोष्ट वारंवार सांगतो. अनोळखी माणसाने फोटो मागितला, किंवा पाठवलेल्या फोटोवरून धमकी दिली, तर संदेश पुसू नका, त्यांचा स्क्रीनशॉट ठेवा आणि त्याच दिवशी आमच्यापैकी कुणाला तरी सांगा. मुलांसाठी १०९८ आणि ऑनलाईन फसवणुकीसाठी १९३० हे क्रमांक भिंतीवर लावले आहेत. फोन जप्त होईल या भीतीने मुलगी गप्प राहिली, तर धमकी देणाऱ्याचे फावते. म्हणून सांगणाऱ्या मुलीचा फोन काढून घ्यायचा नाही, असे ठरले आहे. यावर काही पालक नाराज आहेत. त्यांच्याशी बोलणे चालू आहे.

दिवाळीच्या सुट्टीत, कुटुंबे भट्टीवर जाण्याआधी, मोखाड्याच्या पाड्यांवर पालकांच्या बैठका घेणार आहोत. वसतिगृहातल्या एका फोनवर सात वाजता रांग लागते. कुणाकडे चालू स्थितीतले, बटणांचे जुने फोन पडून असतील तर चार हवे आहेत. चार्जरसह कार्यालयात आणून द्यावेत.