बुऱ्हाणपूरच्या गादीचे दावेदार

बुऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत अरबी लेखांच्या सोबतीला एक संस्कृत शिलालेखही आहे. आधी सृष्टिकर्त्याला वंदन, मग राजांची वंशावळ आणि शेवटी मशीद उभारल्याचा दिवस: शके १५११, संवत १६४६, तिथी-नक्षत्रासकट. लेख कोरून घेणारा खानदेशचा सुलतान राजा अली खान फारुकी. मशिदीत दोन भाषा शेजारी नांदतात याचं कौतुक सगळेच करतात आणि ते योग्यच आहे. पण खरी गोष्ट दडली आहे ती वंशावळीत. मलिक राजा, त्याचा मुलगा नासिर खान (लेखात गझनी), त्याचा कैसर खान, त्याचा हसन, आणि मग पुढचे सुलतान. यातले कैसर आणि हसन गादीवर कधी बसलेच नव्हते. जे बसले त्या दुसऱ्या आदिल खानाला आणि दाऊद खानाला मात्र या ओळीत जागा नाही.

असं का झालं, हे कळायला १५०८ सालापर्यंत मागे जावं लागतं.

त्या वर्षी दाऊद खान वारला. त्याचा मुलगा गझनी खान गादीवर आला आणि काही दिवसांतच त्याला विष घालून मारलं. मूळ शाखा तिथेच खुंटली. आता दावेदार उरले दोन आणि दोघांचंही नाव आलम खान! एकाच्या पाठीशी दरबारातला बलाढ्य सरदार हुसामुद्दीन आणि अहमदनगरचा अहमद निजामशहा. दुसऱ्याच्या पाठीशी गुजरातचा महमूद बेगडा. हा दुसरा आलम खान बेगड्याच्या मुलीचा मुलगा, हसनचा पुत्र आणि कैसरचा नातू. बेगडा स्वतः फौज घेऊन तापीकाठच्या थाळनेरपर्यंत आला. त्याची ताकद पाहून निजामशहाची फौज मागे फिरली. १५०९ मध्ये बेगड्याने नातवाला थाळनेरलाच गादीवर बसवलं, तिसरा आदिल खान म्हणून. शिवाय आपली एक नात त्याला देऊन सोयरीक पक्की केली. हुसामुद्दीनचा पुढे खून झाला.

म्हणजे राजा अली खानाच्या आजोबांना गादी मिळाली ती मुख्यतः आजोळच्या तलवारीमुळे. ऐंशी वर्षांनी नातवाने दगडावर कोरून घेतलं ते मात्र बापाकडून आलेलं रक्त: थेट मलिक राजापर्यंत, एकही कडी न तुटता. मिळालेली गादी आपल्या हक्काचीच होती, हे सांगायची निकड या घराण्याला किती होती, ते या लेखात स्पष्ट दिसतं.

शेजाऱ्याला घरात घ्यायची खोड या घराण्याला पहिल्यापासूनच होती. मलिक राजाला फिरोजशहा तुघलकाने १३७० मध्ये थाळनेरची जहागीर दिली. त्याच सुमारास तिकडे स्पेनमध्ये, कॅस्टिलच्या राज्यात, पेद्रो आणि त्याचा सावत्र भाऊ एन्रीके गादीसाठी झुंजत होते. पेद्रोने इंग्रजांना बोलावलं, एन्रीकेने फ्रेंचांना, आणि १३६९ मध्ये मोंतिएल इथे एन्रीकेने भावाला ठार मारलं. खानदेशात रक्त कमी सांडलं, पण रीत तीच. मलिक राजानंतर नासिर खानाकडे अशीरगड आणि नवं बुऱ्हाणपूर, तर धाकट्या मलिक इफ्तिखारकडे थाळनेर. १४१७ मध्ये नासिरने माळव्याची मदत घेऊन थाळनेर जिंकलं, तर भावाची बाजू घेऊन गुजरातचा अहमदशहा चालून आला. नासिरला त्याच्यापुढे नमावं लागलं. पुढचं जवळजवळ दीड शतक खानदेशचा सुलतान गुजरातकडे पाठ फिरवून निश्चिंत असा क्वचितच बसला.

एकदा फासा उलटाही पडला. गुजरातचा बहादूरशहा फेब्रुवारी १५३७ मध्ये दीवच्या समुद्रात पोर्तुगीजांशी झालेल्या झटापटीत मेला. त्याला मुलगा नव्हता. बुऱ्हाणपूरचा मिरान मुहंमद हा त्याचा भाचा. गुजरातच्या दरबाराने त्यालाच सुलतान ठरवलं. तो निघाला आणि वाटेतच वारला. दोन राज्यं एका छत्राखाली येता येता राहिली.

भाऊबंदकीवर फारुकींनी शोधलेला उपाय शहराच्या उत्तरेला सुमारे वीस किलोमीटरवर आहे: अशीरगड. घराण्यातल्या राजपुत्रांना गडावरच नजरकैदेत ठेवायचं आणि वारसाची गरज पडली की त्यातल्याच एकाला खाली आणायचं. राजा अली खान १५९७ मध्ये गोदावरीकाठी मोगलांच्या बाजूने लढताना पडला, तेव्हा त्याचा मुलगा बहादूर असाच गडावरून गादीवर आला. कोंडून वाढवलेल्या माणसाला राज्यकारभाराची आणि माणसांची पारख कुठून येणार? बापाने अकबराशी सांभाळलेलं नातं त्याने मोडलं आणि पुन्हा त्याच गडाचा आसरा घेतला.

१६०० मध्ये अकबर स्वतः बुऱ्हाणपुरात आला. वेढा महिनोन्‌महिने चालला. अकबराच्या छावणीत स्पेनमधल्या नवारचा जेझुइट पाद्री जेरोम झेवियर होता. जेझुइट वृत्तांतानुसार बहादूरला बोलणीसाठी खाली बोलावून दगा दिला गेला; मोगल बखरकार गडावरच्या रोगराईवर भर देतात. जानेवारी १६०१ मध्ये गड पडला. बहादूरची रवानगी ग्वाल्हेरच्या किल्ल्यात झाली आणि फारुकींची सत्ता संपली.

गादीचे तंटे मात्र शहराला सोडून गेले नाहीत, फक्त गादी बदलली. जहांगीरचा थोरला मुलगा खुसरो १६२२ मध्ये इथेच मेला, तोही धाकट्या भावाच्या, म्हणजे पुढच्या शाहजहानच्या कैदेत. आणि फेब्रुवारी १६५८ मध्ये औरंगजेब औरंगाबादहून इथे येऊन महिनाभर थांबला. त्याचा सासरा शाहनवाज खान गादीसाठीच्या या मोहिमेत यायला तयार नव्हता, म्हणून त्याला बुऱ्हाणपूरच्या किल्ल्यात डांबलं. मार्चमध्ये फौज नर्मदेकडे निघाली आणि एप्रिलमध्ये उज्जैनजवळ धरमतला तिची शाही सैन्याशी गाठ पडली.