चित्रांमागे चित्रं, पुढे अक्षर

मराठी घेऊन बी. ए. झालेल्या, आयुष्यभर कविता लिहिणाऱ्या माणसाने संगणकाविषयी बोलावं, याचं तुम्हाला नवल वाटेल. मलाही वाटतं. पण माझ्या कवितांचं संकेतस्थळ करायचं ठरलं आणि एका साध्या प्रश्नाने मला कामाला लावलं. एकाच पानामागे अनेक चित्रं कशी लावायची?

माझा भाचा संकेतस्थळं तयार करतो. मी त्याला म्हटलं, "पावसाच्या कवितेमागे तीन गोष्टी हव्यात. सगळ्यात मागे ढगाळ आभाळ, त्यापुढे डोंगराची रांग आणि खालच्या कोपऱ्यात आपल्या अंगणातली जास्वंद." तो म्हणाला, "सोपं आहे, मामू. शिकवतो, तुम्हीच करा."

वेबवरच्या पानात दोन वेगळ्या भाषा असतात. मजकूर असतो एचटीएमएल या भाषेत. त्याचा रंग, आकार, मांडणी ठरवते सीएसएस ही दुसरी भाषा. हिची कल्पना नॉर्वेच्या होकॉन विउम ली यांनी १९९४ मध्ये मांडली आणि डिसेंबर १९९६ मध्ये तिचे पहिले अधिकृत नियम आले. तेव्हा एका चौकटीमागे एकच चित्र लावता येई. तीन हवी असतील, तर डब्यात डबा ठेवावा तशा तीन चौकटी एकमेकींत बसवायच्या. पुढे ही अडचण दूर झाली. सफारी या ब्राउजरने २००५ मध्ये अनेक चित्रांची सोय केली, फायरफॉक्सने २०१० मध्ये, तर इंटरनेट एक्सप्लोररने २०११ मध्ये. आज सगळ्याच प्रचलित ब्राउजरांत ती आहे.

रीत अशी. 'बॅकग्राउंड-इमेज' असं लिहून पुढे चित्रांची नावं द्यायची, मध्ये स्वल्पविराम. मी क्रमाने लिहिलं : आभाळ, डोंगर, जास्वंद. पडद्यावर दिसलं नुसतं आभाळ!

माझे वडील स्क्रीन प्रिंटिंगचं काम करत. लग्नपत्रिकेवर आधी फिकट रंग, तो वाळला की त्यावर गडद. जे आधी, ते तळाशी; हे मी लहानपणापासून पाहिलेलं. इथे उलटं आहे. यादीतलं पहिलं चित्र वाचणाऱ्याच्या सर्वांत जवळ आणि शेवटचं सर्वांत मागे. माझ्या आभाळाने डोंगर आणि फूल दोन्ही झाकून टाकले होते. क्रम फिरवला, जास्वंद, डोंगर, आभाळ, तेव्हा तिन्ही आले.

पण फुलाभोवती पांढरा चौकोन, ठिगळ लावल्यासारखा. कारण जेपीईजी प्रकारच्या चित्रात पारदर्शक जागा नसते. पुढच्या थरांसाठी पीएनजीसारखं, मोकळी जागा खरोखर मोकळी ठेवणारं चित्र लागतं. ते केलं, तर मांडवाच्या कापडासारख्या जास्वंदीच जास्वंदी पानभर! काहीच सांगितलं नाही, तर लहान चित्र आडवं-उभं पुन्हा पुन्हा छापलं जातं. 'नो-रिपीट' लिहिलं, तेव्हा एक उरली. मग प्रत्येकाची जागा, प्रत्येकाचं माप. तेही चित्रांच्याच क्रमाने, स्वल्पविराम देऊन.

या स्वल्पविरामाने मला धडा शिकवला. कवितेत मी विरामचिन्हं सहसा गाळतो, वाचणारा समजून घेतो. इथे एक स्वल्पविराम सुटला आणि तिन्ही चित्रं नाहीशी झाली. ब्राउजर चुकलेला नियम अख्खाच सोडून देतो आणि तक्रारही करत नाही. म्हणून भाच्याने सांगितलं, की साधा पार्श्वरंग वेगळ्या ओळीत लिहून ठेवावा. तो सगळ्या चित्रांच्या खाली राहतो. चित्रं आलीच नाहीत, तर गडद आभाळावरची पांढरी अक्षरं पांढऱ्या पानावर हरवत नाहीत.

पान सुरेख झालं, आणि मला हाव सुटली. कविता सुलेखनात लिहून तिचंच चित्र करून चौथा थर लावला. ज्याने पाहिलं, त्याने वाहवा केली.

माझा एक जुना मित्र अंध आहे. निवृत्त शिक्षक. तो संगणक वापरतो. पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी प्रणाली त्याच्याकडे आहे. त्याला मी मोठ्या कौतुकाने पत्ता पाठवला. रात्री त्याचा फोन आला, "अरे, तुझं नाव ऐकू आलं, मग कवितेचं शीर्षक. पुढे काहीच नाही. कविता कुठाय?"

मी गप्प झालो. पार्श्वभूमीचं चित्र ही केवळ सजावट, असंच ती प्रणाली मानते आणि ते सोडून देते. एचटीएमएलमध्ये घातलेल्या चित्राला निदान पर्यायी वर्णन जोडता येतं. पार्श्वचित्राला तशी सोय नाही. माझी कविता मीच भिंतीच्या रंगात मिसळून टाकली होती.

दुसऱ्या दिवशी चौथा थर काढला. कविता साध्या अक्षरांत टाइप केली. आता ढगांवर ती नीट दिसेना. मग भाच्याने यादीत सर्वांत पुढे अर्धपारदर्शक पांढरा थर घातला. नुसता रंग चित्रांच्या यादीत बसत नाही. पण एका रंगातून दुसऱ्यात जाणारा ग्रेडियंट हा चित्रच मानला जातो. दोन्ही टोकांना एकच रंग दिला, की काम होतं. ढग धूसर झाले, काळी अक्षरं उठून दिसली. अक्षर आणि मागचा भाग यांच्या उजळपणात किमान ४.५ ला १ एवढं प्रमाण असावं, असं वेबचे सुलभतेचे नियम नेहमीच्या आकाराच्या मजकुरासाठी सांगतात. तेही मोजून घेतलं.

थर कितीही लावा, मित्रहो. फक्त जे सांगायचं आहे, ते थरात पुरू नका. ते अक्षर म्हणूनच राहू द्या. म्हणजे ते ऐकता येतं, मोठं करता येतं, शोधलं की सापडतं.

मित्राचा पुन्हा फोन आला. मागे काय काय आहे, ते मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "असू दे, छान असेल. पण तिसऱ्या ओळीत एक शब्द चुकलाय."

खरंच चुकला होता. इतक्या जणांनी पान पाहिलं होतं, कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)